तोताराम सनाढ्य : फिजीतील गिरमिटांचा पंडित

हिंदी भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे शाळेच्या वयात दिलेल्या राष्ट्रभाषेच्या परीक्षा आणि दुसरी म्हणजे हिंदी सिनेमा. उत्तरेकडची भाषा, दिल्लीची भाषा, रेल्वे स्टेशनच्या फलकावर आपल्या भाषांच्या शेजारी येऊन बसलेली भाषा, एवढीच आपली तिच्याशी ओळख. परंतु हिच्याच पोटची एक भाषा कलकत्त्यापासून हजारो मैल दूर, पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर उसाच्या मळ्यांत तयार झाली. ती तेथे कोणत्या सरकारने नेली नाही, कोणत्या प्रचार सभेने शिकवली नाही. अंगठा उठवून गेलेल्या मजुरांनी ती नेली आणि त्यांनीच ती घडवली. त्या मजुरांपैकीच एक होते पंडित तोताराम सनाढ्य. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांच्या नावापुढे एकच लहानसे पुस्तक लिहिलेले आढळते. पण त्या पुस्तकाने एक अमानुष पद्धत बंद पाडण्याच्या कामी जेवढा हातभार लावला, तेवढा फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला आला असेल.

तोतारामांचा जन्म 1876 साली, आग्र्याजवळच्या फिरोजाबादनजीक हिरनगौ या खेड्यात झाला. फिरोजाबाद म्हणजे बांगड्यांचे गाव. घर सनाढ्य ब्राह्मणाचे. वडील पंडित रेवतीराम 1887 साली वारले तेव्हा मुलगा अवघा अकरा वर्षांचा होता. वडिलांच्या मागे सावकारांनी घराची काय दशा केली असेल ते आपल्याकडील वाचकांस विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. गहाण पडलेले दागिने परत आले नाहीत, थोरला भाऊ नोकरीसाठी कलकत्त्यास गेला आणि आईच्या हालाकडे पाहवेना म्हणून 1893 साली तोतारामही घराबाहेर पडले. खिशात होते सात आणे. पायी चालत ते प्रयागला पोचले.

तेथे कोतवालीजवळ त्यांना एक गोड बोलणारा मनुष्य भेटला. नोकरी हवी का, असे त्याने विचारले. हवीच होती. हा मनुष्य अरकाटी होता. अरकाटी म्हणजे मजूर भरतीचा दलाल. तीर्थाच्या ठिकाणी, स्टेशनांवर, धर्मशाळांच्या दाराशी हे लोक उभे असत आणि घरातून रुसून निघालेली पोरे, दुष्काळात उठलेले शेतकरी, सासरचा छळ सोसवेना म्हणून निघालेल्या बायका त्यांच्या हाती सापडत. अरकाट्याच्या घरी तोतारामांना आपल्यासारखेच शंभराच्या वर स्त्री-पुरुष बसलेले दिसले. दिवसाला बारा आणे मजुरी, काम हलके, जागा जवळच, असे सगळ्यांना पढवलेले होते. मॅजिस्ट्रेटसमोर काय विचारतील त्याला हो म्हणायचे, नाही म्हटले तर कैदेत टाकतील, अशी दटावणीही दिलेली होती. दीडशेच्या वर माणसांची नोंद मॅजिस्ट्रेटने अर्ध्या तासाच्या आत उरकली. आपण पाच वर्षांचा करार करतो आहोत, समुद्रापार जातो आहोत, हे त्यांतल्या किती जणांना कळले असेल? कलकत्त्याच्या डेपोत कळले तेव्हा तोतारामांनी जायला नकार दिला. त्यांना एका खोलीत कोंडून उपाशी ठेवले. भूक फार मोठी मध्यस्थ आहे. ते कबूल झाले.

‘जमुना’ नावाच्या जहाजावर प्रत्येकाला दीड फूट रुंद आणि सहा फूट लांब एवढी जागा मिळाली. प्रवास तीन महिन्यांहून अधिक चालला. 28 मे 1893 रोजी जहाज फिजीला लागले. नुकुलाऊ बेटावरच्या डेपोत माणसांची वाटणी झाली आणि तोताराम रेवा नदीकाठच्या नौसोरीच्या मळ्यावर गेले. तेथील साखर कारखाना सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीचा होता. त्या काळी फिजीचा कारभार गव्हर्नर पाहतो की ही कंपनी, असा प्रश्न पडावा असा तिचा दरारा होता.

या ठिकाणी थोडे थांबून त्या पद्धतीविषयी सांगितले पाहिजे. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर साम्राज्यातील ऊसमळ्यांना माणसे हवी होती. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, नाताळ, सुरिनाम अशा ठिकाणी हिंदुस्थानातून कराराने मजूर जाऊ लागले. फिजीत पहिले जहाज ‘लिओनिडास’ 14 मे 1879 रोजी पोचले आणि 1916 पर्यंत एकंदर साठ हजारांच्या वर माणसे तेथे गेली. सुमारे तीन चतुर्थांश कलकत्त्याहून, बाकीची 1903 नंतर मद्रासहून. कराराला इंग्रजीत जो शब्द होता, त्याचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि करार केलेला तो गिरमिटिया. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग, बाईला नऊ पेन्स. अरकाट्याचे बारा आणे कागदावर खोटे नव्हते. खोटी होती ती त्यामागची अट. दिवसाचे ठरवून दिलेले काम पुरे झाले तरच ती मजुरी आणि ते काम किती हे ठरवणार मळ्यावरचा साहेब. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवाव्यात असा नियम होता. त्यातून कोणकोणती दुःखे उपजली असतील याची कल्पना करता येते. राहण्याच्या बराकींना ‘लैन’ म्हणत. दहा फूट लांब आणि सात फूट रुंद अशी एक खोली, तीत तीन एकटे पुरुष किंवा एक कुटुंब. आत्महत्यांचे प्रमाण तर असे की गिरमिटियांच्या सर्व वसाहतींत फिजीचे नाव सर्वांत वर होते.

आता भाषेकडे वळू. गिरमिटिये हिंदी बोलत फिजीला गेले, असे आपण सहज म्हणून जातो. ते तितकेसे खरे नाही. उत्तरेकडून गेलेल्यांपैकी बहुतेक संयुक्त प्रांताच्या पूर्वेकडचे आणि बिहारचे होते. बस्ती, गोंडा, फैजाबाद, आझमगढ, गोरखपूर हे त्यांचे जिल्हे. त्यांची घरची बोली अवधी किंवा भोजपुरी. तोताराम स्वतः ब्रज प्रांतातले, सूरदासाच्या बोलीत वाढलेले. कलकत्त्याच्या डेपोतच या सगळ्यांची सरमिसळ सुरू झाली, जहाजावर ती वाढली आणि लैनीत पक्की झाली. एकाच जहाजातून आलेले ते ‘जहाजी भाई’. हे नाते पुढे सख्ख्या नात्यासारखे पाळले जाई आणि जातीच्या भिंती त्यापुढे पातळ झाल्या. जी गत जातींची, तीच बोलींची. प्रत्येकाने आपली थोडी सोडली, दुसऱ्याची थोडी घेतली. व्याकरणाचे ओझे कमी झाले. भूतकाळात ‘उसने किया’ याच्या ठिकाणी अवधीच्या वळणाने ‘ऊ करिस’ आले. ‘मैं’ मागे पडून ‘हम’ राहिले. मळ्यावरचा गोरा मुकादम ‘कुलंबर’ झाला. फिजियन लोकांच्या यंगोना पेयाचे ‘नंगोना’ झाले.

‘कुलंबर’ शब्दाची एक उपपत्ती अशी सांगतात की, सकाळच्या हजेरीत माणसांना नावाने नव्हे तर नंबराने पुकारत, त्या इंग्रजी पुकाऱ्यापासून तो बनला. उपपत्ती खरी असो वा नसो, ती ज्यांनी जपली त्यांना लैनीतली सकाळ विसरता आली नव्हती एवढे त्यातून दिसते.

आपल्या बेळगाव भागातील मुलांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. घरात जी मराठी बोलतो तीत कानडीचे वळण, शेवटाला ‘की’ आणि ‘गा’, बाजारात कानडी, त्यातही मराठी शब्द आणि वर्गात मात्र पुण्याच्या पुस्तकातली भाषा. कोणती खरी, या प्रश्नाने आपणही कधी ना कधी ओशाळलेलो असतो. फरक एवढाच की आपल्याकडे हे शेकडो वर्षांत, शेजारधर्माने झाले. फिजीत ते एका पिढीच्या आत झाले आणि चाबकाखाली झाले.

नौसोरीत तोतारामांना जी खोली मिळाली ती एका ओस पडलेल्या लैनीत होती. पूर्वी तेथे काही फिजियन मजूर मेले होते, म्हणून कोणी राहावयास धजत नसे. लोक तिला ‘भूतलेन’ म्हणत. आठवड्याचा शिधा चार दिवसांत संपे. उरलेले दिवस पाण्यावर. पहिले सहा महिने शिध्याचे पैसेही मजुरीतून कापून घेत. सतरा वर्षांचा मुलगा, उसातले काम कधी केलेले नाही, साहेबाची लाथ, रात्री भुतांची लैन आणि आईची आठवण. एका रात्री त्यांनी गळफास घेण्याचे ठरवले. त्याच वेळी दाराशी काही फिजियन माणसे आली. ती याआधीही आली होती आणि तोतारामांनी त्यांना आपल्यातले खायला दिले होते. आज द्यायला काही नाही असे कळल्यावर ती परत गेली आणि कंदमुळे घेऊन आली. ज्यांची ही बेटे होती त्यांनी एका परक्या मजुराला त्या रात्री जगवले. तोतारामांनी पुढे त्यांची भाषा शिकून घेतली. मळेवाल्यांचे धोरण या दोन समाजांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे होते. पुढे फिजीच्या राजकारणात त्याची फळेही दिसली. त्या दृष्टीने पाहिले तर भूतलेनीतली ही भेट केवळ एका माणसाच्या जिवापुरती नव्हती असे वाटते.

पाच वर्षांचे गिरमिट 1898 साली संपले. दहा वर्षे राहिल्यास परतीचे भाडे सरकारचे, आधी जायचे तर स्वतःचे, असा नियम होता. पैसे कोठून आणणार? त्यांनी जमीन खंडाने घेऊन ऊस लावला, फिजीत स्थायिक झालेल्या एका हिंदी कुटुंबातील गंगादेवी यांच्याशी विवाह केला, सुतारकाम शिकले, फोटो काढण्याची कला शिकले आणि हळूहळू त्या भागाचे पंडितजी झाले. लग्न लावणे, कथा सांगणे, रामायण वाचणे, पत्रे लिहून देणे, आलेली वाचून दाखवणे ही त्यांची कामे. घरून आलेले पत्र वाचून दाखवणारा माणूस त्या काळी केवढा मोठा असे, हे आज सांगूनही पटणार नाही.

लैनींतून संध्याकाळी तुलसीदासांच्या रामचरितमानसाचे वाचन चाले. ही गोष्ट भाषेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. तुलसीदासांची बोली अवधी. म्हणजे मजुरांच्या रोजच्या बोलण्याला आधार मिळाला तो खडी बोलीच्या व्याकरणाचा नव्हे, तर आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या ग्रंथाचा. रामाचा वनवास त्यांना आपलाच वाटे यात आश्चर्य नाही. तोतारामांनी रामलीलेचे उत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला, मिशनऱ्यांशी वादही केले. त्यांपैकी बर्टन या मेथॉडिस्ट मिशनऱ्याने 1910 साली फिजीवर एक पुस्तक लिहून मजुरांच्या हालांविषयी स्पष्ट लिहिले होते. धर्माच्या बाबतीत हे दोघे एकमेकांचे विरोधक, पण गिरमिटाविषयी त्यांची साक्ष एकच पडली.

1903 पासून मद्रासहून जहाजे येऊ लागली. तमिळ, तेलुगू, मलयाळी माणसे उतरली. त्यांना ही लैनीची हिंदी अजिबात येत नव्हती. पण सरदाराचा हुकूम त्याच भाषेत, दुकानदाराचा हिशेब त्याच भाषेत, भांडण आणि मैत्रीही त्याच भाषेत. शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. दोन पिढ्यांत त्यांच्या घरांतूनही तीच बोलली जाऊ लागली. हिंदी भाषेच्या प्रसाराची मोठी गोष्ट म्हणून हे सांगता येईल आणि तमिळ-तेलुगूच्या नाशाची दुःखाची गोष्ट म्हणूनही. दोन्ही खरे आहे. तेथील दक्षिण भारतीयांनी 1926 साली आपल्या भाषा जगवण्यासाठी ‘संगम’ ही संस्था काढली, शाळा काढल्या. आपल्या महाविद्यालयातील मराठी आणि कानडी अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना त्या माणसांची तळमळ वेगळी समजावून सांगायला नको.

तोताराम आता चाळिशीकडे झुकत होते. त्यांच्या ध्यानात आले होते की या लोकांच्या बऱ्याच दुःखांचे मूळ भाषेत आहे. करार इंग्रजीत, कोर्ट इंग्रजीत, वकील गोरे आणि महाग. मजुराने जे सांगितले ते दुभाष्याच्या तोंडून साहेबापर्यंत पोचेपर्यंत भलतेच होऊन जाई. आपल्यातला एखादा वकील हवा असे ठरवून तेथील पुढारी हिंदी लोकांनी संस्था स्थापन केली आणि दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना पत्र पाठवले. या खटाटोपात तोताराम पुढे होते. त्याचा परिणाम असा झाला की 27 ऑगस्ट 1912 रोजी मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर फिजीत उतरले. मणिलाल बडोद्याचे. त्याआधी ते मॉरिशसमध्ये मजुरांची वकिली करीत होते आणि तेथे 1909 साली त्यांनी ‘हिंदुस्थानी’ नावाचे वर्तमानपत्रही काढले होते. पुढे 1920 च्या संपानंतर सरकारने त्यांना फिजीतून घालवून दिले, यावरून त्यांच्या कामाची किंमत कळते.

याच सुमारास कुंती नावाच्या एका मजूर स्त्रीचे प्रकरण घडले. 1912 साली मळ्यावर एकटी काम करीत असताना गोऱ्या मुकादमाने अत्याचाराचा प्रयत्न केला, तेव्हा तिने नदीत उडी घेतली आणि एका मुलाने तिला होडीत घेऊन वाचवले. ही हकिगत कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ या हिंदी पत्रात 1913 साली छापून आली आणि उत्तर हिंदुस्थानात खळबळ उडाली. फिजी सरकारने चौकशीत ती खोटी ठरवण्याचा प्रयत्न केला, पण लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही. यापूर्वी इंग्रजीत अहवाल निघाले होते, कौन्सिलात भाषणे झाली होती. आपले गोखले यांनी 1912 च्या मार्च महिन्यात कायदे कौन्सिलात ही पद्धत अजिबात बंद करण्याचा ठराव मांडला होता आणि आकड्यांनिशी सरकारला निरुत्तर केले होते. ठराव सरकारी मतांनी पडला. पण गोखल्यांचे भाषण खेड्यातल्या माणसाला वाचता येत नव्हते. कुंतीची हकिगत त्याला कळली, कारण ती त्याच्या भाषेत होती.

27 मार्च 1914 रोजी तोतारामांनी फिजी सोडले. एकवीस वर्षे झाली होती. फिरोजाबादेत त्यांची गाठ बनारसीदास चतुर्वेदी या तरुण शिक्षकाशी पडली. चतुर्वेदी त्या काळात इंदूरच्या डेली कॉलेजात हिंदी शिकवू लागले होते. इंदूरच्या मराठी मंडळींना ते नाव परके नसावे. पुढे ‘विशाल भारत’चे संपादक आणि राज्यसभेचे सदस्य म्हणून ते देशभर ओळखले गेले. पण त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते फिरोजाबादच्या या भेटीने. तोताराम सांगत गेले, चतुर्वेदी लिहीत गेले आणि 1914 सालीच ‘फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष’ हे पुस्तक तोतारामांच्या नावाने प्रसिद्ध झाले.

या पुस्तकाच्या भाषेबद्दल मला थोडे बोलावेसे वाटते. ती साधी आहे, पण ती छापील खडी बोली आहे. वर्तमानपत्रांतून आणि सरस्वतीसारख्या मासिकांतून त्या वेळी घडत असलेली हिंदी. तोतारामांची आईची बोली ब्रज. एकवीस वर्षे ज्या भाषेत त्यांनी मार खाल्ला, संसार केला, लग्ने लावली, ती फिजीची मिश्र बोली. या दोन्ही बोली त्या पुस्तकात नाहीत. एका माणसाचे आयुष्य तिसऱ्याच भाषेत छापले गेले. काही टीकाकारांना यात खोट वाटते. मजुराचा आवाज एका सुशिक्षित लेखणीने धुऊन काढला, असे ते म्हणतात. म्हणणे अगदीच चूक नाही. चतुर्वेदींना गिरमिटाविरुद्ध लोकमत तयार करायचे होते. त्यामुळे जे त्या कामी पडणार नाही ते बाजूला राहिले. भूतलेनीची हकिगत अशीच बाजूला राहिली. भुतांची भीती, फिजियन लोकांशी झालेली मैत्री, मनाची पडझड, हे सारे प्रचाराच्या पुस्तकात बसणारे नव्हते. तरीही माझे मत चतुर्वेदींच्या बाजूने झुकते. ‘ऊ करिस’ अशा भाषेत ते पुस्तक निघाले असते तर लाहोरपासून पाटण्यापर्यंत ते कोणी वाचले असते? छापील हिंदी ही त्या घडीला न्यायालयासारखी होती. तेथे जबानी द्यायची तर तेथील भाषेत द्यावी लागते.

आणि जबानी कामी आली. पुस्तकाच्या आवृत्त्या निघाल्या, इतर भारतीय भाषांत अनुवाद झाले. फिजीला गेलेल्या शेतकऱ्याची व्यथा सांगणारे ‘किसान’ हे काव्य मैथिलीशरण गुप्तांनी लिहिले. तोताराम स्वतः गावोगाव बोलत हिंडले. 1915 सालच्या हरद्वारच्या कुंभमेळ्यात त्यांनी अरकाट्यांपासून सावध राहा अशी पत्रके वाटली. ज्या तीर्थांच्या गर्दीत माणसे पकडली जात, त्याच गर्दीत उभे राहून एक परत आलेला गिरमिटिया लोकांना सावध करीत होता! त्याच वर्षी दीनबंधू अँड्र्यूज आणि पीअर्सन हे फिजीच्या चौकशीवर निघाले. अँड्र्यूजांनी तोतारामांच्या पुस्तकाचा इंग्रजी तर्जुमा करवून बरोबर घेतला होता. त्यांचा अहवाल 1916 साली आला. त्याच वर्षी मार्चमध्ये मालवीयजींचा ठराव व्हाइसरॉय हार्डिंज यांनी मान्य केला. गोखले आदल्या वर्षीच वारले होते, त्यांना तो दिवस पाहता आला नाही. 1917 च्या मार्चमध्ये भरती थांबली आणि 1 जानेवारी 1920 रोजी फिजीतील उरलीसुरली गिरमिटे रद्द झाली.

यानंतरचे तोतारामांचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखेच आहे, कारण त्यांनी ते स्वतःच थोडक्यात ठेवले. 1922 साली ते आणि गंगादेवी साबरमतीच्या आश्रमात राहावयास गेले. आश्रमाची शेती त्यांच्याकडे होती. उसाच्या मळ्यात सक्तीने शिकलेली शेती त्यांनी येथे आपखुशीने केली. भजने म्हणावीत, बैल राखावेत, नव्या माणसाला काम शिकवावे. कोणी विचारले तर फिजीची गोष्ट सांगावी. गांधीजी 1930 साली दांडीला निघाले ते परत साबरमतीला राहावयास आले नाहीत, पण तोताराम तेथेच राहिले. गंगादेवी त्यांच्या आधी गेल्या. त्यांचे आश्रमातच निधन झाले.  गांधीजींनी आपल्या या जुन्या सहकाऱ्यावर मृत्युलेख लिहिला.

तोतारामांनी मागे ठेवलेल्या त्या दोन हिंदींचे पुढे काय झाले? फिजीत शाळा निघाल्या, वर्तमानपत्रे निघाली, रेडिओ आला. या सगळ्यांनी छापील हिंदी घेतली. घरात, शेतात, बाजारात मात्र लैनीचीच बोली राहिली. तिला लोक ‘फिजी बात’ म्हणू लागले. आणि ती बोलणारे लोकच तिला ‘टूटी-फूटी’ म्हणून हिणवू लागले. हिंदुस्थानातून आलेल्या पाहुण्यासमोर आपल्या तोंडची भाषा लपवायची, आणि जी येत नाही तिला मातृभाषा म्हणायचे. पहिले विश्व हिंदी संमेलन 1975 साली आपल्या नागपूरला भरले तेव्हा अध्यक्षस्थानी मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम होते. तेथे हिंदीच्या जागतिक प्रसाराचा गौरव झाला. रामगुलामांच्या देशात खेडोपाडी बोलली जात होती ती भोजपुरी. फिजीत ‘फिजी बात’, सुरिनाममध्ये ‘सरनामी’. या तिघी बहिणींना त्या मांडवात कोणते आसन द्यायचे हा प्रश्न तेव्हाही अवघड होता. बारावे संमेलन 2023 च्या फेब्रुवारीत फिजीतच, नांदी या गावी झाले, तरी तो पुरता सुटलेला नाही.

1987 साली फिजीत लष्करी उठाव झाला. तारीख होती 14 मे, म्हणजे ‘लिओनिडास’ आलेला तोच दिवस. हा योगायोग फिजीतल्या हिंदी लोकांच्या मनाला फार लागला. हजारो कुटुंबे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाकडे निघाली. पणजोबांनी जहाजावरून आणलेली भाषा पणतवंडांनी विमानातून पुढे नेली. न्यूझीलंडच्या जनगणनेत आता ‘फिजी हिंदी’ ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली जाते. 2001 साली सुब्रमणी या लेखकाने ‘डउका पुराण’ ही मोठी कादंबरी संपूर्णपणे त्या बोलीत लिहिली. लेखकाच्या नावावरूनच कळेल की त्याचे घराणे दक्षिणेकडचे. लैनीत नाइलाजाने ती बोली शिकलेल्या माणसांच्या वंशजाने तिला पहिली मोठी कादंबरी द्यावी, ही गोष्ट भाषेचा अभिमान मिरवणाऱ्या सर्वांनीच विचारात घेण्यासारखी आहे.

तोतारामांचे पुस्तकही फिजीत परत पोचले. सुवा येथील फिजी म्युझियमने 1991 साली त्याचा इंग्रजी अनुवाद काढला, कारण देवनागरी वाचता न येणारे वाचक आता पुष्कळ झाले होते. आणि 1914 साली बाजूला राहिलेली भूतलेनीची हकिगत, लेखकाच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, 1994 साली प्रसिद्ध झाली. तिच्या संपादकांपैकी एक होते ब्रिज लाल. लाबासाजवळच्या एका खेड्यात वाढलेला, गिरमिटियाचा हा नातू पुढे फिजीच्या हिंदी लोकांचा इतिहासकार झाला. ज्या सरकारी नोंदींत आजोबा केवळ एक नंबर होते, त्या साठ हजार नोंदींपैकी उत्तरेकडच्या पंचेचाळीस हजार त्यांनी एकेक करून वाचून काढल्या आणि कोण कोणत्या जिल्ह्यातून, कोणत्या जातीतून, कोणत्या वयात गेले ते मांडले. भूतलेनीत ती फिजियन माणसे कंदमुळे घेऊन आली होती, ही गोष्ट त्यांच्यामुळेच आता फिजीतल्या मुलांना वाचायला मिळते.